जांगगुम मराठी बोलेल का?

दिवाळी अंकात भांडण असू नये, असा एक संकेत आहे. फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढू नये, तसाच तो. पण आमच्या कोकणपट्टीत नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावल्यावाचून कोणी फराळाला हात लावीत नाही. माझा हा लेख म्हणजे ते कारीट समजावे. जिभेला लावावे, तोंड वाकडे करावे आणि मग खुशाल करंजी उचलावी.

माझी मागणी एवढीच आहे : ‘दे जांगगुम’ नावाची कोरियन ऐतिहासिक मालिका मराठी दूरचित्रवाणीवर, मराठी भाषेतून, सगळे घर एकत्र बसून पाहू शकेल अशा वेळी दाखवली गेली पाहिजे. गेली तीन वर्षे मी याच एका मागणीसाठी पत्रे लिहीत आहे, सह्या गोळा करीत आहे आणि हसण्यावारी नेली जात आहे. मी तळोज्याला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळांतून जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झाले आहे. अशा बाईने निवृत्तीनंतर पोथी वाचावी, नातवंडे सांभाळावी. हे कोरियाचे खूळ कुठून घेतले, असे माझ्या नात्यागोत्यातले लोक विचारतात. वाचकहो, तुमच्याही मनात तोच प्रश्न आला असेल. म्हणून आधी ही जांगगुम कोण, ते सांगते.

कोरियात १५०६ ते १५४४ या काळात जुंगजोंग नावाचा राजा होऊन गेला. आपल्याकडे त्या वेळी अहमदनगरात निजामशाही नुकती कुठे पाय रोवीत होती. या राजाच्या दरबारात जांगगुम नावाची एक वैद्य स्त्री होती. दरबाराच्या इतिवृत्तात तिचे उल्लेख अगदी मोजके आहेत. पण राजाच्या दुखण्याची खरी माहिती त्या वैद्य बाईला आहे, अशा अर्थाची नोंद त्यांत सापडते. जिथे पुरुष राजवैद्यांची रांग उभी, तिथे एका बाईच्या हाताला नाडी देणारा हा राजा आणि ती नाडी समजणारी ही बाई! एवढ्या चार ओळींच्या आधारावर कोरियाच्या एम.बी.सी. या वाहिनीने सप्टेंबर २००३ ते मार्च २००४ या काळात ५४ भागांची मालिका उभी केली. ली ब्युंग-हून हे तिचे दिग्दर्शक आणि ली यंग-ए ही तिची नायिका. पुढे ही मालिका देशोदेशी गेली. इराणने ती फारसीत पाहिली, श्रीलंकेने सिंहलीत पाहिली. आपल्या दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीनेही २००६ साली ती हिंदीतून दाखवली. मराठीत मात्र ती आजवर आलेली नाही.

मालिकेची कथा मी सगळी सांगत नाही. ती पाहण्याची गोडी मला घालवायची नाही. आईबाप गमावलेली एक पोर राजवाड्याच्या मुदपाकखान्यात दासी म्हणून येते. तिथे तिला हान नावाची गुरू भेटते. सत्ताधारी घराण्याची माणसे या दोघींवर किटाळ आणतात. पोरीला दूर समुद्रातल्या जेजू बेटावर हद्दपार केले जाते. तिथे ती वैद्यक शिकते आणि त्या विद्येच्या बळावर पुन्हा राजवाड्यात येते. ‘दे’ म्हणजे थोर. दासीची थोर जांगगुम कशी झाली, याची ही गोष्ट. या गोष्टीत तलवारी थोड्या आणि पातेली फार. लढाई होते ती चवीची, औषधाची आणि सचोटीची. ज्या समाजाने आनंदीबाई जोशींना १८८६ साली डॉक्टर झालेले पाहिले आणि ज्याने २०१२ साली रमाबाई रानड्यांवरची ‘उंच माझा झोका’ ही मालिका घराघरांतून पाहिली, त्याला ही गोष्ट परकी वाटेल, हे मला कोणी पटवून द्यावे.

आता माझ्या खुळाचे मूळ सांगते. ही मालिका मी प्रथम पाहिली ती पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या इंग्रजी ओळी वाचीत. माझ्या सासूबाई शेजारी बसून होत्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढचे, भाषा आगरी, अक्षरओळख सहीपुरती. त्यांनी दोन भाग नुसतीच चित्रे पाहिली आणि मग म्हणाल्या, ‘‘ती पोर का रडते, ते सांगशील का मला?’’ तेव्हापासून मी दुभाषी झाले. एका वाक्याला थांबायचे, मराठीत सांगायचे, पुन्हा पुढे जायचे. पाऊण तासाच्या भागाला दोन तास लागू लागले. हळूहळू दुपारच्या वेळी इमारतीतल्या आणखी चारपाच जणी येऊन बसू लागल्या. तळोजे गावातल्या एक कोकणी मुसलमान आजीही येत. त्यांना हिंदी येत असेल असे सर्वांनी धरून चालले होते. वस्तुतः त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोकणी मराठीच बोलली जाते आणि सिनेमातली हिंदी त्यांना जेवढी कळते तेवढीच माझ्या सासूबाईंना कळते. अमक्या धर्माची म्हणजे तमकी भाषा, हा हिशेब करणाऱ्यांनी एकदा आमच्या पंचक्रोशीत येऊन जावे.

या बायकांनी मला प्रश्न विचारले ते असे : ही बाई त्या मुलीला ‘तू’ म्हणते की ‘तुम्ही’? राणीपुढे ती ‘आपण’ म्हणते का? त्या बरणीत मुरत घातले आहे ते लोणचे की पापडाचे पीठ? इंग्रजी ओळीत या प्रश्नांची उत्तरे नव्हती. तिथे सगळ्यांना एकच ‘यू’ होता. कोरियन भाषेत मानाच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. राजवाड्यातल्या माणसाचे सगळे भवितव्य कधी कधी एका क्रियापदाच्या रूपावर लोंबकळत असते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आहे. ‘ये’, ‘या’, ‘यावे’ आहे. सासुरवाशिणीने चारचौघांत नवऱ्याला ‘अहो’ म्हणण्याची आणि एकांतात अहो विसरण्याची सोय आहे. आणि स्वयंपाकघराचे तर विचारूच नका. आधण, फोडणी, मुरवण, विरजण, उकड, धग, दम, वाफ, हात लागणे, हात सैल सोडणे! ज्या मालिकेचे अर्धे प्राण मुदपाकखान्यात आहेत, ती या शब्दांत उतरायला आसुसलेली असते, असे मला दर दुपारी वाटे.

तेव्हा मी पत्रे लिहायला बसले. आमच्या इमारतीत आणि आजूबाजूच्या वसाहतींत फिरून दोनअडीचशे सह्या मिळवल्या. कोणत्या वाहिनीने काय उत्तर दिले, त्यांची नावे घेऊन मला कोणाची धिंड काढायची नाही. बहुतेकांनी उत्तरच दिले नाही. एकाने सूचनेची नोंद घेतल्याचे कळवले. ती नोंदवही कोणत्या कपाटात असते, ते विचारायचे राहून गेले. एका कचेरीतल्या गृहस्थांनी मात्र फोनवर बोलण्याचा सौजन्यपूर्वक त्रास घेतला. त्यांचे म्हणणे चार मुद्द्यांचे होते. हेच चार मुद्दे पुढे मला प्राध्यापकांकडून, नाटकवाल्यांकडून आणि आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींकडूनही ऐकायला मिळाले. म्हणून त्यांचा समाचार इथे क्रमाने घेते.

पहिला मुद्दा : ‘‘बाई, मराठी माणसाला हिंदी समजते. मग मराठीचा खटाटोप कशाला?’’

या एका वाक्याने मराठीचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे शत्रूनेही केले नसेल. गंमत अशी, की हे वाक्य बोलणारे गृहस्थ मराठीच असतात. समजते म्हणजे काय? रेल्वेच्या खिडकीवर तिकीट मागण्याइतके समजते, भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतके समजते. पण मरणाच्या दारी उभी असलेली गुरू आपल्या शिष्येला काय सांगते, ते समजायला बाजारातली भाषा पुरी पडत नाही. जांगगुमच्या गोष्टीतच याचे उत्तर आहे. ती लहान असताना हानबाई तिला पाणी आणायला सांगते. पोर पाणी आणते. बाई म्हणते, हे नव्हे. दुसऱ्या दिवशी गरम आणते, मग गार आणते. बाई म्हणते, हेही नव्हे. शेवटी पोरीला आपली आई आठवते आणि ती आधी विचारते : आपले पोट कसे आहे? घसा तर दुखत नाही? घसा दुखतो असे कळल्यावर ती कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून आणते आणि सावकाश प्यायला सांगते. मग गुरू प्रसन्न होते. पाणीसुद्धा भांड्यात घालून दिले की ते अन्नच होते आणि देणाऱ्याने घेणाऱ्याला आधी विचारले पाहिजे, हा तो धडा. आमच्या वाहिन्यांनी कोट्यवधी लोकांना पाणी पाजण्याचा वसा घेतला आहे. पण तुमचा घसा कसा आहे, हे त्यांनी कधी विचारले? एकच पिंप भरून ठेवले आहे. ज्याला प्यायचे त्याने त्यातूनच प्यावे.

दुसरा मुद्दा : ‘‘आपला इतिहास काय थोडा आहे, की कोरियाचा आणावा? ही परक्याची हौस कशाला?’’

हा मुद्दा देशाभिमानाचा वेष घेऊन येतो, म्हणून त्याला नमस्कार करून मगच उत्तर देते. मराठी रंगभूमीवर परक्यांना पाट मांडण्याची रीत आमच्या पणजोबांपासूनची आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला. आगरकरांसारख्या कडव्या स्वाभिमानी माणसाने हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ केले. देवलांनी त्याच ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला आणि तो मराठी फेटा बांधून रंगभूमीवर वावरला. शिरवाडकरांनी मॅक्बेथला ‘राजमुकुट’ चढवला. १९७५ साली पु. ल. देशपांड्यांची ‘ती फुलराणी’ आली. लंडनच्या फूलवालीची बोली मराठी बोलींच्या खाणाखुणांतून अशी काही उतरली, की ती मुळात आपलीच असावी असे वाटू लागले. भा. रा. भागवतांनी जूल व्हर्नला मराठी मुलांच्या घोळक्यात आणून बसवले. जपानची तोत्तोचान मराठीत आली आणि आमच्या शाळेतल्या पोरांना रेल्वेच्या डब्यातली शाळा हवीहवीशी वाटू लागली. या सगळ्यांनी मराठीचा इतिहास बुडवला का? उलट, दुसऱ्यांचे राजे-रंक कसे लिहिले जातात, ते पाहूनच आपले राजे-रंक लिहिण्याचा हात सुधारला. पाहुणा आला म्हणजे घर आवरले जाते, हा सर्वांचाच अनुभव आहे.

आणि कोरिया परका आहे, हे आता कोणत्या तोंडाने म्हणायचे? रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारी एल.जी. या कोरियन कंपनीचा कारखाना आहे; तिथे आमचीच मुले दूरचित्रवाणीचे संच आणि फ्रिज तयार करतात. आमच्या रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या विळे-भागाडला पोस्को या कोरियन कंपनीचा पोलादाचा कारखाना आहे. कोरियाचे पोलाद आम्हाला चालते, फ्रिज चालतो, मोटार चालते. ज्या पडद्यावर मालिका पाहायची तो पडदा कोरियन नावाचा, मराठी हातांनी घडवलेला चालतो. मात्र त्या पडद्यावर कोरियन माणूस मराठी बोलू लागला, की आम्हाला एकाएकी परकेपणा आठवतो! वस्तू घ्यायची आणि ती करणाऱ्या माणसाची गोष्ट दारातून परत पाठवायची, हा व्यापार झाला, ओळख नव्हे.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे : ‘‘बाहेरच्या मालिका मराठी आवाज चढवून आणल्या, तर आमच्या नट-नट्यांच्या आणि तंत्रज्ञांच्या पोटावर पाय येईल.’’

पोटाचा प्रश्न हसण्यावारी नेणारी मी नव्हे. आमच्या तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना बंद पडला की किती घरांतली चूल मंदावते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. स्वस्तात मिळालेला माल चोवीस तास ओतून घरचे उत्पादन बंद पाडण्याचा मोह वाहिन्यांना होणार नाही, असेही मी म्हणत नाही. पण बंदी हा त्यावर उपाय नव्हे. बंगालमध्ये हिंदी ‘महाभारत’ बंगाली आवाजात दाखवायला तिथल्या कलावंत-तंत्रज्ञांच्या संघटनांनी विरोध केला. प्रकरण स्पर्धा आयोगाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ७ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली : असा संघटित अडसर स्पर्धेला मारक आहे. कर्नाटकातल्या अशाच अडसराविरुद्ध आयोगाने २०१५ साली निर्णय दिला होता. महाराष्ट्रात असा लेखी अडसर कोणी घातलेला नाही. आम्ही बंदी घालण्याचेही कष्ट घेतले नाहीत. ‘हिंदी समजते’ एवढ्यावरच काम भागले.

शिवाय मराठी आवाज देणार कोण? कोरियन नट येऊन तर देणार नाहीत. ५४ भागांना अनुवादक लागेल, संवादलेखक लागेल, शेकडो पात्रांना आवाज लागतील, ध्वनिमुद्रणाचे तंत्रज्ञ लागतील. २०२१ च्या दिवाळीत ‘बाहुबली’ मराठीतून दूरचित्रवाणीवर आला. प्रवीण तरड्यांनी ते काम केले आणि अमोल कोल्हे यांनी बाहुबलीला आवाज दिला. त्याने मराठी नट उपाशी मेले, असे ऐकिवात नाही. माझी सूचना सरळ आहे. बाहेरच्या मालिकांना आठवड्यातून ठरावीक तासच द्यावेत, त्याहून जास्त नाहीत. अनुवादकाचे नाव नायिकेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात दाखवावे आणि त्याला कामाच्या तोलाचा मोबदला द्यावा. मराठी अनुवादकाचे नाव पुस्तकाच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापण्याची आपली जुनी खोड या निमित्ताने तरी जावी.

चौथा मुद्दा : ‘‘पाहणार कोण? परवडणार कसे?’’

याचे उत्तर मी देत नाही. श्रीलंकेने दिले आहे. त्या देशाची सगळी लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक सिंहली बोलणारे. तिथल्या रूपवाहिनी या सरकारी वाहिनीने २०१२ साली हीच जांगगुम सिंहली आवाजात दाखवायला घेतली. नावसुद्धा परके ठेवले नाही. ‘सुजात दियणिय’ म्हणजे सुजात कन्या, असे घरगुती नाव दिले. आणि या मालिकेने तिथली घरेच्या घरे पडद्यापुढे बसवली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे लोक ८ कोटी ३० लाख आहेत. खुद्द दक्षिण कोरियाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्या आत आहे! सव्वापाच कोटींना अशी मालिका निर्माण करणे परवडले, दीडपावणेदोन कोटींना ती आपल्या भाषेत आणणे परवडले; आणि सव्वाआठ कोटींना ती नुसती ऐकणे परवडत नाही, हे गणित मी चौथीच्या वर्गात घातले असते तर पोरे हसली असती. तमिळ माणसाला पुदुयुगम वाहिनीने २०१४ च्या सुमारास कोरियन मालिका तमिळ आवाजात ऐकवल्या. त्याला हिंदी समजते का, असे विचारण्याची त्या वाहिनीवर पाळी आली नाही, कारण तमिळ प्रेक्षकाने ती येऊ दिली नाही. दोष वाहिनीचा आहेच. पण मागणाराच जिथे मागत नाही, तिथे वाढणारा वाढील कशाला?

‘‘पण तरुण मंडळी तर हे सगळे आपापल्या फोनवर पाहतातच की,’’ असे यावर कोणी म्हणेल. खरे आहे. माझी नात पाहते. ती कोरियन गाणी म्हणते, कोरियन शब्दही बोलते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळांत शिकवायच्या परकी भाषांच्या यादीत कोरियन भाषेला जागा दिली आहे, हेही तिनेच मला सांगितले. पण ती पाहते ती कानांत बोंडे घालून, भिंतीकडे तोंड करून, इंग्रजी ओळी वाचीत. एकाच खोलीत आजी एकीकडे आणि नात दुसरीकडे, मध्ये भाषेची भिंत. पूर्वी ‘स्वामी’ मालिका लागली की माधवराव-रमाबाईंसाठी तीन पिढ्या एका सतरंजीवर बसत आणि दुसऱ्या दिवशी नळावर त्यांचीच चर्चा चाले. १९८७ सालची ती सतरंजी आता कोणीतरी गुंडाळून माळ्यावर टाकली आहे. नातीला आवडणारी गोष्ट आजीच्या भाषेत आली, तर ती सतरंजी पुन्हा अंथरली जाईल. माझ्या मागणीचे मर्म इथे आहे. तरुणांना इंग्रजीची वाट आहे, कामधंद्यानिमित्त फिरणाऱ्यांना हिंदीची वाट आहे. ज्यांना फक्त मराठी आहे, त्या म्हाताऱ्या माणसांना, घरात अडकलेल्या बायकांना, शाळा सुटलेल्या पोरांना जगाकडे उघडणारी एकही खिडकी नाही. त्यांना आपण दिवसभर सासू-सुनांच्या कारस्थानांच्या मालिका दाखवतो आणि वर त्यांची अभिरुची हलकी आहे म्हणून नाकही मुरडतो.

आता कोरियाच्याच इतिहासातली एक गोष्ट सांगते; ती ऐकून या वादातल्या मंडळींनी आपापली जागा शोधावी. जांगगुमच्या आधी सुमारे शंभर वर्षे कोरियात सेजोंग नावाचा राजा झाला. त्या काळी तिथले विद्वान चिनी लिपीत लिहीत. सामान्य माणसाला ती येत नसे, म्हणून त्याच्या मनातले कागदावर उतरत नसे. राजाने १४४३ साली आपल्या भाषेसाठी नवी, सोपी लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली ती प्रजेला दिली. विद्वानांना हे रुचले नाही. चोई मान-री नावाच्या विद्वान अधिकाऱ्याने १४४४ साली राजाला विरोधाचा अर्ज लिहिला. थोर चिनी लिपी असताना वेगळी लिपी कशाला? वेगळ्या लिप्या तर रानटी लोकांच्या असतात! पुढे कित्येक शतके ही लिपी बायकांची लिपी म्हणून हिणवली गेली. बायकांनी ती जपली आणि आज तीच त्या देशाची लिपी आहे. ‘‘मोठी भाषा समजते ना, मग आपली कशाला,’’ हा प्रश्न किती जुना आहे पाहा. ज्ञानेश्वरांच्या काळीही तो होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नऊ हजार ओव्यांनी दिले. आज चोई मान-रीचे वारस कोण आणि सेजोंगचे कोण, हे मी सांगायला नको.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्ही पेढे वाटले, आमच्या इमारतीतही वाटले. पण अभिजातपणा हा काही देवघरात ठेवायचा टाक नव्हे. जी भाषा दोन हजार वर्षांची म्हणून मिरवते, तिने जगातल्या चांगल्या गोष्टी आपल्या तोंडाने बोलून दाखवाव्या, ही अपेक्षा अवाजवी आहे काय? आणि जी भाषा दुसऱ्याची गोष्ट नीट उतरवून घेऊ शकते, तीच पुढे आपली गोष्ट बाहेर पाठवू शकते. आमच्या अहिल्याबाई, आमचे कान्होजी आंग्रे, आमच्या आनंदीबाई सोल शहरातल्या घरात कोरियन भाषेत बोलाव्यात, असे मला फार वाटते. पण त्यासाठी दोन्ही भाषा जाणणारे, दोन्हीकडची चव कळणारे अनुवादक तयार व्हावे लागतील. ते आकाशातून पडत नसतात. एक मालिका मराठीत आणताना पाचदहा माणसे घडतील, दुसरी आणताना पंचवीस.

त्या मालिकेत आणखी एक प्रसंग आहे. मुदपाकखान्यातली मोठी बाई मुलींना मांसाचा एक पदार्थ चाखायला देते आणि त्यातली गोडी कशाची, ते विचारते. कोणी साखर म्हणते, कोणी मध. जांगगुम म्हणते, पिकलेल्या तेंदूची. आपल्या रानातल्या टेंभुर्णीच्या गोतातलेच ते कोरियन फळ. कशावरून, असे विचारल्यावर ती गोंधळते. जिभेला तेंदू लागला म्हणून तेंदू म्हटले. याहून वेगळा पुरावा तिच्यापाशी नसतो. आमच्या दुपारच्या मंडळातल्या बायकांचे तसेच आहे. त्यांना कोणी प्रेक्षक-संशोधनाची कोष्टके मागू नयेत. जांगगुम मराठीत ऐकली तेव्हा त्यांच्या जिभेला ती लागली. हाच त्यांचा पुरावा.

सह्याद्री ही सार्वजनिक वाहिनी आहे. याच घराण्यातल्या राष्ट्रीय वाहिनीने २००६ साली ही मालिका हिंदीतून दाखवली. तेव्हा पहिले पाऊल तिनेच टाकावे, हे उचित. खासगी वाहिन्यांपैकी कोणी आधी टाकले, तर त्यांची आरती आम्ही ओवाळू. आठवड्याचा एक तास, रविवारी सकाळचा किंवा रात्री जेवणानंतरचा. ५४ भाग म्हणजे वर्षभराची सोय.

आणि वाचकहो, तुमच्याकडे माझे मागणे याहून लहान आहे. भाऊबीज आटोपली, पाहुणे पांगले, की एक पत्र लिहा. तुम्ही जी मराठी वाहिनी पाहता तिच्या पत्त्यावर, साध्या मराठीत, चार ओळींचे : आमच्या घरात इतकी माणसे आहेत, त्यांतली इतकी केवळ मराठी समजणारी आहेत, जगातल्या चांगल्या मालिका आम्हाला मराठीतून हव्यात, सुरुवात ‘दे जांगगुम’पासून करावी. कोरियाच्या ऐवजी तुम्हाला इराणची, तुर्कस्तानची, केरळची गोष्ट हवी असेल तर ती मागा. माझी हरकत नाही. पण मागा. खाली घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, आजीच्या अंगठ्यासकट.